मागच्या चाकाचा हिशेब

पिरंगुटहून उरवड्याकडे आणि तिथून पुढे मुठा खोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला कारखान्यांचाही शेजार आहे आणि शेतांचाही. कारखान्यांमुळे रस्त्यावर सांडतात ते लेथवरच्या किसाचे वळसे, लाकडी पॅलेटमधून निखळलेले खिळे, माल बांधायच्या पत्र्याच्या पट्टीचे तुकडे आणि अवजड गाड्यांच्या फुटलेल्या टायरमधून सुटलेल्या बारीक पोलादी तारा. शेतांकडून येतात ते काटे : कुंपणाला लावलेल्या बाभळीच्या फांद्यांचे, बोरीचे, मोकळ्या रानातल्या सराट्यांचे. शिवाय बांधकामांसाठी धावणाऱ्या डंपरमधून सांडलेली खडी. आपल्याकडचा काळा पाषाण क्रशरमधून ताजा फुटून आला की त्याच्या कडा सुरीसारख्या असतात. अशा रस्त्यानं रोज ई-सायकलवर कामाला जाणारा माणूस दुकानात गेला की पहिला प्रश्न विचारतो तो हाच, की पंक्चर होणारच नाही असा टायर आहे का. हवा भरलेला तसा टायर जगात कुठेही मिळत नाही. पण पंक्चर पुष्कळ कमी करणारे टायर मिळतात. ते जड असतात, त्यांनी सायकल मंद होते, म्हणून घेऊ नका, असा सल्ला मुरलेले सायकलस्वार वर्षानुवर्षं देत आले आहेत. साध्या सायकलपुरता तो सल्ला बरोबर होता. ई-सायकलवर तो हिशेब उलटा होतो, आणि विशेषतः मागच्या चाकाच्या बाबतीत तर पूर्णपणे उलटा होतो, हे मला इथे मांडायचं आहे.

आधी गाडी कोणती ते स्पष्ट करू, कारण ई-बाईक हा शब्द आपल्याकडे स्कूटर, मोटरसायकल आणि पायडलची सायकल अशा तिन्हींना लावला जातो. इथलं विवेचन मुख्यतः पायडलच्या ई-सायकलबद्दल आहे : मोटर २५० वॉटच्या आतली, मदत ताशी २५ किलोमीटरपर्यंतच, आणि म्हणून नोंदणी व परवान्याच्या कक्षेबाहेर असलेली. गिअरची साधी सायकल १४-१५ किलोची असते. बॅटरी आणि मोटर चढवली की तीच २० ते २५ किलोंवर जाते. आपल्या बाजारातल्या बहुतेक ई-सायकलींची मोटर मागच्या चाकाच्या हबमध्ये बसवलेली असते. म्हणजे सायकलीचं स्वतःचं वजन मागे, स्वाराचा बराचसा भार मागे, कॅरिअरवरची पिशवी मागे आणि ढकलणारा जोरही मागच्याच टायरवर. साध्या सायकलीतही मागचा टायर जास्त पंक्चर होतो. पुढचं चाक रस्त्यावर आडवा पडलेला खिळा उडवून उभा करतं आणि पाठोपाठ येणारं, जास्त भाराचं चाक त्यावर चढतं, हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. ई-सायकलमध्ये हा कल आणखी वाढतो.

आता अशी सायकल पंक्चर झाली की काय होतं ते पाहा. साधी सायकल उचलून चार पावलं नेता येते, ओळखीच्या टेम्पोत टाकता येते. पंचवीस किलोंची सायकल मागच्या बसलेल्या टायरवर ढकलत नेली तर रिमची कड वाकते आणि ट्यूब चिरडून निकामी होते. बसमध्ये ती चढवता येत नाही. दुसऱ्या पाळीचा कामगार रात्री सुटतो तेव्हा रस्त्यावरची पंक्चरची दुकानं मिटलेली असतात. ट्यूब बदलायची तर चाक काढावं लागतं, आणि हब मोटरचं चाक काढणं म्हणजे मोटरच्या केबलचा जोड सोडवणं, बहुधा अठराचा पाना लागणारे आसाचे नट काढणं, वायसर कुठल्या क्रमानं आणि कुठल्या तोंडानं बसवलेले होते ते लक्षात ठेवणं आणि परत बसवताना नट पुरेसे आवळणं. नट ढिले राहिले तर मोटरच्या जोरानं आस फिरतो आणि केबल पिळून तुटते. पंक्चरची खरी किंमत पॅचच्या पैशांत मोजली तर ती किरकोळच दिसेल. बुडालेली पाळी, अंधारातली पायपीट आणि तुटलेली केबल धरून मोजली तर चित्र वेगळं दिसतं.

यावर एक रास्त आक्षेप आहे. आपल्याकडचा पंक्चरवाला चाक काढतच नाही. टायरची एक कड लिव्हरनं रिमबाहेर घेतो, ट्यूब ओढून बाहेर काढतो, घमेल्यातल्या पाण्यात बुडवून भोक शोधतो, घासून सोल्यूशन लावतो आणि पॅच चिकटवतो. मग हब मोटर असली काय आणि नसली काय, फरक कुठे पडला? बारीक भोक असेल, आणि दुकान उघडं असेल, तोवर खरोखर फरक पडत नाही. या कारागिरीमुळेच आपल्याकडे सायकल चालवणं परवडतं, हेही खरं. पण ट्यूब फाटली असेल, व्हॉल्व्हच्या मुळाशी गेली असेल किंवा आठ-दहा पॅचनंतर जीर्ण झाली असेल, तर चाक उतरवल्यावाचून इलाज नाही. पॅच जितके कमी पडतील तितकी ती वेळ लांबते. शिवाय दोन टोकं बंद असलेली, गोल न जोडलेली ट्यूबही मिळते. ती चाक न काढता घालता येते, आणि अडचणीच्या वेळेसाठी पिशवीत ठेवण्यासारखी आहे. तिच्या जोडापाशी चाक किंचित उडी मारतं, म्हणून कायमची मात्र वापरू नका.

टायरवर पैसे घालण्याआधी एक तपासणी करायलाच हवी, आणि ती फुकट होते. पंक्चर काढताना बुडबुडे येतात की नाही एवढंच आपण पाहतो. ते कुठून येतात हे पाहिलं तर निम्मं निदान तिथेच होतं. ट्यूबच्या बाहेरच्या, म्हणजे रस्त्याकडच्या अंगाला एकच भोक असेल तर बाहेरून काहीतरी घुसलं आहे. शेजारीशेजारी दोन बारीक चिरा, सापानं दंश केल्यासारख्या, दिसल्या तर काहीही टोचलेलं नाही : हवा कमी होती, खड्ड्याच्या कडेवर चाक आपटलं आणि ट्यूब रिमच्या दोन काठांमध्ये चेपली. भोक आतल्या, रिमकडच्या अंगाला असेल तर दोष रिमच्या पट्टीचा. पट्टी सरकली आहे किंवा स्पोकचं टोक वर आलं आहे, कारण मोटरच्या जोरानं स्पोकवर सतत ताण पडतो आणि काही स्पोक ढिले पडतात. आणि ट्यूब व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटली असेल तर कमी हवेमुळे मोटरनं टायरला रिमवर सरकवलं आहे. टायरबरोबर ट्यूब सरकली, व्हॉल्व्ह मात्र रिमच्या भोकात अडकून राहिला. ही शेवटची तऱ्हा साध्या सायकलवर क्वचित दिसते. मूठ पिरगळून एकदम जोर देणाऱ्या ई-सायकलींवर ती नेहमीची आहे.

या चार तऱ्हांपैकी जाड टायर फक्त पहिलीवर उपाय करतो. बाकीच्या तिन्हींना हवेचा पंप, नवी रिमपट्टी आणि स्पोक आवळून घेणं एवढंच लागतं. म्हणून माझा आग्रह असा, की पुढच्या दोन-तीन पंक्चरची नोंद ठेवा. भोक कोणत्या अंगाला होतं, काय सापडलं, हे मोबाइलवर लिहून ठेवायला अर्धं मिनिट लागतं. ट्यूब काढताना तिचा व्हॉल्व्ह टायरच्या कोणत्या अक्षरासमोर होता ते पाहून ठेवलं तर ट्यूबवरच्या भोकावरून टायरमधली नेमकी जागा सापडते. तिथे आतून कापसाचा बोळा फिरवा. बारीक तार बोटाला लागत नाही, पण तिच्यात कापसाचे तंतू अडकतात. त्याच जागी दोन दिवसांत पुन्हा पंक्चर झालं, तर नव्वद टक्के वेळा नव्हे, बहुधा दरवेळी, जुनीच तार आत राहिलेली असते. तिच्यासाठी नवा टायर घेणं व्यर्थ आहे. ती चिमट्यानं उपटली की काम झालं.

नोंदीतली बहुतेक भोकं रस्त्याकडच्या अंगाची निघाली, आणि कारखान्यांच्या पट्ट्यात तशी निघण्याची शक्यता मोठी आहे, तर मग टायरकडे वळा. इथे दोन वेगळ्या युक्त्यांचा घोळ होतो. एक युक्ती चिवट धाग्यांच्या पट्टीची. १९६५ मध्ये ड्यू पाँट कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांनी शोधलेल्या धाग्यातून केव्हलार आलं, आणि त्याच्यासारख्या धाग्यांची विणलेली पातळ पट्टी टायरच्या पाठीखाली बसवतात. ती हलकी असते आणि काचेच्या किंवा खडीच्या धारेला चांगली अडवते, कारण धार धागे कापू पाहते आणि हे धागे सहज कापले जात नाहीत. पण बारीक तार किंवा काट्याचं टोक धागे कापत नाही, ते दोन धाग्यांच्या मधून वाट काढतं. दुसरी युक्ती साधी आणि जड : पाठीखाली लवचीक रबराचा जाड थर. श्वाल्बे या जर्मन कंपनीच्या मॅरेथॉन प्लस टायरमध्ये हा थर पाच मिलिमीटरचा असतो. त्यावरचं रबर धरलं की टोकाला ट्यूबपर्यंत सात-आठ मिलिमीटर प्रवास करावा लागतो. सराट्याचा काटा, तुटकी तार, किसाचा वळसा, टाचणी, हे सगळं बहुधा त्याआधीच संपतं. बाभळीचा बोटभर काटा किंवा पॅलेटचा दोन इंची खिळा मात्र कोणताही थर अडवू शकत नाही, आणि जो विक्रेता तसं छातीठोक सांगेल त्याच्याकडून टायर घेऊ नये.

म्हणून पिरंगुट-उरवडे पट्ट्यासाठी माझं मत जाड थराच्या बाजूला आहे. ज्यांची वाट मुख्यतः शहरातून जाते, जिथे काचा जास्त आणि तारा-काटे कमी, त्यांना धाग्यांची पट्टी पुरेल. इथे मात्र बारीक, टोकदार, आखूड वस्तूंचा भरणा आहे आणि पाऊस त्यात भर घालतो. ओलं रबर टोकाला वंगण लावल्यासारखं वाट देतं. घरी ओल्या सुरीनं रबरी बूच कापून पाहिलंत तर हा फरक कळेल. शिवाय पावसाचं पाणी रस्त्याच्या मधला कचरा वाहून साइडपट्टीवर आणून टाकतं, आणि डंपरच्या भीतीनं सायकलवाल्याला जावं लागतं तेही तिथूनच. जून ते सप्टेंबर पंक्चर वाढतात ती अशी. पाऊस सरल्यावर रान वाळतं, सराटे पिकून गळतात, आणि तारांची जागा काट्यांना मिळते.

आता वजनाचा आणि वेगाचा आक्षेप. जाड थराचा टायर त्याच मापाच्या साध्या टायरपेक्षा ३००-४०० ग्रॅम जड असतो आणि लोळताना जास्त अडखळतो, हे खरंच आहे. पण किती, ते मोजू. स्वार, सायकल आणि सामान मिळून १०० किलो धरा. लोळण्याला होणाऱ्या विरोधाचा गुणांक ०.००५ वरून ०.००७ झाला असं समजा. म्हणजे विरोध साधारण २ न्यूटननं वाढला, आणि दर किलोमीटरला अर्ध्या वॉट-तासाहून थोडी जास्त ऊर्जा लागली. मोटरमध्ये वाया जाणारा भाग मिळवला तरी २० किलोमीटरला सुमारे १४ वॉट-तास. ३६ व्होल्ट आणि १० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे ३६० वॉट-तास. जी सायकल भरलेल्या बॅटरीवर ४० किलोमीटर जात होती ती आता ३७ जाईल, आणि जाड टायर फक्त मागे घातला तर ३८. चढाचं काय? दोन्ही टायर मिळून ८०० ग्रॅम वाढले असं धरलं, आणि पिरंगुटचा घाट किंवा मुठ्याकडचा चढ दीडशे मीटरचा धरला, तरी ते जादा वजन वर न्यायला पाव ते अर्धा वॉट-तास लागतो. पिशवीतली पाण्याची बाटली त्याहून जड असते.

साध्या सायकलवर हाच दोन न्यूटनचा विरोध मांड्यांना जाणवतो, कारण माणूस सलग तासभर जेमतेम १०० वॉटच्या आसपास जोर लावू शकतो. म्हणून जुने सायकलस्वार हलक्या टायरचा हट्ट धरत होते, आणि त्यांचं चुकत नव्हतं. ई-सायकलवर तो भार मोटर उचलते आणि त्याची किंमत दोन-तीन किलोमीटर पल्ल्याची असते. ज्यांच्या रोजच्या फेरीत बॅटरी दहा-पंधरा टक्के उरते त्यांना ती किंमत जाणवणारही नाही. एक अपवाद मी मान्य करतो : ज्यांची बॅटरी घरी पोचता पोचता संपते, त्यांनी आधी बॅटरीचा किंवा कामावर चार्जिंगचा प्रश्न सोडवावा. बसलेली बॅटरी आणि बसलेला टायर यांत अडवणूक सारखीच आहे.

पैशांचा आक्षेप वजनाहून जास्त वजनदार आहे. परदेशी जाड टायर साध्या देशी टायरच्या कितीतरी पट किमतीला पडतो, आणि पंक्चर काढायला थोडे रुपये लागतात. वर्षातून एखाद-दोनदा पंक्चर होणाऱ्यानं असा टायर घेऊ नये, हे मी सरळ सांगेन. ज्याचं महिन्याला होतं त्यानं घ्यावा, पण जोडी न घेता एकच, मागच्या चाकाला. हा एक निर्णय खर्च निम्म्यावर आणतो आणि फायद्याचा मोठा वाटा पदरात टाकतो. पुढच्या चाकाकडे मात्र दुर्लक्ष करू नका. पुढचं पंक्चर कमी वेळा होतं, पण घाट उतरताना पुढची हवा एकदम गेली तर हँडल हातात राहत नाही. शिवाय वळणावरची आणि ब्रेकची पकड बरीचशी पुढच्या टायरवर असते, आणि ओल्या रस्त्यावर कडक, जाड टायर पुढे फारसा सुखाचा नसतो. पुढे मध्यम, धाग्यांच्या पट्टीचा, मऊ रबराचा टायर असावा आणि त्याची झीज वेळेवर पाहिली जावी.

टायर विकत घेताना बाजूवरची अक्षरं वाचा. २७.५ इंची चाकाच्या टायरवर ५४-५८४ असं काही लिहिलेलं असतं. पहिला आकडा रुंदी, दुसरा रिमवर बसणाऱ्या कडेचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा जुन्या टायरशी तंतोतंत जुळलाच पाहिजे. इंचातल्या मापावर विसंबू नका. २६ इंची म्हणून विकले जाणारे टायर ५५९ चेही असतात आणि ५९० चेही, आणि एक दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. २९ इंची आणि ७०० सी दोन्ही ६२२ चे, हे त्याच्या उलटं टोक. रुंदीत थोडा बदल चालतो, पण जाड टायर बाहेरूनही फुगीर असतो, तेव्हा मडगार्ड आणि चौकटीपासून किमान चार-पाच मिलिमीटर जागा उरते ना ते पाहा, कारण पावसात तिथे चिखल साठतो. ई-२५ किंवा ई-५० असा शिक्का दिसला तर त्याचा अर्थ टायर ई-सायकलच्या वेगाला आणि भाराला योग्य आहे, एवढाच. तो पंक्चर-रोधकतेचा दाखला नव्हे. कंपन्या संरक्षणाला एक ते सात असे क्रमांक देतात, तेही आपापल्या घरचे असतात, एका कंपनीचा पाच दुसरीच्या पाचाशी जुळत नाही. त्यापेक्षा थर किती मिलिमीटरचा आहे, तो फक्त मधोमध आहे की खांद्यांपर्यंत जातो, हे विचारा. उत्तर न देता विक्रेता नुसतं ‘पंक्चरप्रूफ’ म्हणाला तर टायर परत ठेवा. धाग्यांची दाटी दाखवणारा टीपीआयचा मोठा आकडाही फसवतो : दाटी जास्त म्हणजे धागा बारीक आणि टायर लवचीक, जास्त चिवट नव्हे.

बऱ्याच ई-सायकली कारखान्यातूनच डोंगरी सायकलसारख्या मोठ्या गुट्ट्यांच्या टायरवर येतात. दिसायला ते दणकट वाटतात, पण गुट्ट्यांच्या मधलं रबर पातळ असतं आणि तिथे अडकलेला खडा प्रत्येक फेऱ्यात आणखी आत रुतत जातो. डांबरी रस्त्यावर मधोमध सलग पट्टी असलेला, कडेला बारीक गुट्टे असलेला टायर बरा. पावसात घसरू म्हणून गुट्टे हवेत, असं पुष्कळांना वाटतं. ओल्या डांबरावर सायकलची पकड रबराच्या मऊपणावर आणि रस्त्याला टेकलेल्या भागावर अवलंबून असते, गुट्ट्यांवर नव्हे. गुट्टे उपयोगी पडतात ते वाडीवस्तीकडे वळणाऱ्या शेवटच्या चिखलाच्या वाटेवर, आणि तिथे कडेचे बारीक गुट्टे पुरतात.

हवाच नको, भरीव टायर घालू, असाही एक मार्ग सुचवला जातो. मोबाईकसारख्या भाड्याच्या सायकलींच्या कंपन्यांनी भरीव टायर वापरले, आणि त्यांच्या दृष्टीनं ते शहाणपणाचं होतं : हजारो सायकली, छोट्या सपाट फेऱ्या, आणि पंक्चर काढायला माणूस धाडण्याचा खर्च कंपनीचा. खड्ड्यांच्या रस्त्यावर रोज वीस किलोमीटर सायकल चालवणाऱ्याला प्रत्येक धक्का कमरेत, मनगटात, स्पोकमध्ये आणि बॅटरीच्या बैठकीत घ्यावा लागतो, आणि लोळण्याचा विरोध वर मोजला त्याहून पुष्कळ जास्त वाढतो. मला तो सौदा पटत नाही. ट्यूबमध्ये घालायचं पंक्चररोधक द्रव बरं, पण मर्यादेत. काट्याचं किंवा तारेचं बारीक भोक ते बुजवतं, चीर आणि रिमची चिमट मात्र बुजवत नाही. आपल्या उन्हात ते काही महिन्यांत सुकतं. आणि ते बाहेर आलेल्या ट्यूबवर पॅच धरत नाही, म्हणून पंक्चरवाला आधी ट्यूब पुसून पूर्ण कोरडी करतो ना, याकडे लक्ष द्या. जुन्या टायरची पट्टी कापून आत घालायची देशी युक्तीही काम देते. फक्त पट्टीच्या कडा आणि टोकं तासून पातळ करा, नाहीतर तीच कड ट्यूब घासून भोक पाडते.

यातलं काहीही करा, हवा कमी असेल तर सगळं फुकट जातं. १.७५ इंची टायरला मागे ५५-६० पीएसआय, बोलीत पौंड, पुढे ४५-५० ही सुरुवात म्हणून ठीक. २.१ इंचीला त्याहून कमी, आणि चार इंची रुंद टायरला २०-२५. टायरच्या बाजूवर छापलेल्या किमान-कमालच्या आत राहून आपल्या वजनाप्रमाणे बदल करा. अंगठ्यानं दाबून हवा कळत नाही, कारण जाड टायर हवा गेली तरी दणकट लागतो. दर आठवड्याला मोजा. बहुतेक ई-सायकलींना मोटरसायकलचाच जाड व्हॉल्व्ह असतो, त्यामुळे पेट्रोल पंपावरही हवा भरता येते, पण तिथला जोर मोठा असतो, तेव्हा थोडी थोडी भरा.

ई-स्कूटरवाल्यांसाठी मात्र उत्तर वेगळं आहे. आजच्या बहुतेक ई-स्कूटरना १२ इंची ट्यूबलेस टायर असतात. त्यात खिळा घुसला तरी हवा हळू जाते आणि चाक न काढता बाहेरूनच चिकट पट्टी खुपसून भोक बंद करता येतं, हब मोटर असली तरी. त्यामुळे चांगल्या स्थितीतला टायर बदलण्यापेक्षा पट्ट्यांचा संच आणि बॅटरीवर चालणारा छोटा पंप डिक्कीत ठेवणं जास्त उपयोगाचं. टायर बदलायची वेळ येईल तेव्हा मूळ मापाचा, मूळ भारांकाचाच घ्या.

जाड थराचा टायर बसवायला त्रास देतो, आणि त्याची तयारी ठेवून दुकानात जा. त्याची कड कडक असते. स्क्रू ड्रायव्हरनं जोर लावला की नवीकोरी ट्यूब चिमटून बसवतानाच पंक्चर होते. साबणाचं पाणी लावा, आधी ट्यूबमध्ये थोडी हवा भरून ती गोल करा, टायरची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबत व्हॉल्व्हच्या समोरून सुरुवात करा आणि व्हॉल्व्हपाशी संपवा. शेवटचा भाग हातानं किंवा प्लॅस्टिकच्या लिव्हरनं चढवा. व्हॉल्व्ह आत ढकलून पाहा, ट्यूब कडेखाली अडकली नाही ना. चाक परत बसवलंत की पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर आसाचे नट पुन्हा आवळा. नंतर आठवड्यातून एकदा, हवा मोजतानाच, टायर हळू फिरवून पाठीत रुतलेले काचेचे आणि खडीचे कण टाचणीनं उकरून काढा. ते एका दिवसात आत जात नाहीत, रोज थोडे थोडे जातात. मॅरेथॉन प्लसमधला रक्षक थर निळ्या रंगाचा असतो. पाठ झिजून तो निळा रंग दिसू लागला, किंवा कोणत्याही टायरच्या बाजूच्या भिंतीला तडे जाऊन आतले धागे दिसू लागले, की तो टायर उतरवा.